'या झोपडीत माझ्या' : दारास दोरी नाही म्हणजे काय?

दारव्ह्याकडच्या एका मुलीनं विचारलं आहे. तिचे बाबा रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आटोपून घरी येतात आणि खंजिरीवर तुकडोजी महाराजांचं 'या झोपडीत माझ्या' म्हणतात. घर कुडाचंच आहे, सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे. ती पुण्याला शिकते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, हे गरिबीचं कौतुक आहे. असली भजनं म्हणत म्हणतच आपण आहोत तिथं राहिलो." बाबा काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून त्यांनी ते भजन म्हणणं सोडलं. ती विचारते, "मी लावलेला अर्थ चुकीचा होता का?"

बेटा, तू चिडलीस ते बरोबर आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात राहून 'गरिबीत सुख असतं' असं कोणी म्हणत असेल, तर त्याचा रागच यायला हवा. इथं किती घरांतला कर्ता माणूस कर्जापायी गेला, ते तुला मी सांगायला नको. पण हे भजन तसं म्हणत नाही. ३८ वर्षं माझ्या हातात खंजिरी आहे, हे भजन किती वेळा म्हटलं त्याची मोजदाद नाही, आणि पहिली आठ-दहा वर्षं मीही ते तुझ्यासारखंच ऐकत होतो. फरक एवढाच, तुला राग आला आणि मला त्यात समाधान वाटायचं. चुकलो दोघंही एकाच ठिकाणी.

पहिल्या ओळीपासून बघू. 'राजास जी महाली, सौख्ये कधी मिळाली'. यातला 'कधी' हा शब्द आपण गाताना गिळून टाकतो, कारण चाल पुढं ओढते. राजाला महालात जी सुखं कधीमधी मिळाली असतील, ती सगळी मला इथं मिळाली, असं ते वाक्य आहे. 'राजाकडे आहे ते मला नको' असं त्यात कुठंच नाही. राजाचं सुख नाकारलेलं नाही, मोजलेलं आहे. आणि मोजायचं कशानं, ते पुढची कडवी एकेक करून सांगतात. झोप, भीती, पाहुणा, दार. सोनंनाणं येतं ते फक्त तिजोरीच्या नावानं, आणि तेही चोरीला गेलेलं.

आता तिसरं कडवं. माझा अर्थ इथं फिरला, म्हणून इथं जरा थांबतो.

'पहारे आणि तिजोऱ्या, त्यातूनी होती चोऱ्या, दारास नाही दोऱ्या, या झोपडीत माझ्या'. मी तेव्हा तरुण होतो, दोन भजनांच्या मधे निरूपण करायची हौस होती. पांढरकवड्याकडच्या एका गावात सप्ताह होता. मी सांगून टाकलं की दोऱ्या म्हणजे कुलूपकिल्ली, चोरायला काही नाही तर कुलूप कशाला. लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एका म्हाताऱ्या बाईनं चहाला बोलावलं. एकटीच राहायची. भिंती पऱ्हाटीच्या काड्यांच्या, वरून शेणामातीनं लिंपलेल्या. दाराला फळी नव्हती, तुराट्यांची विणलेली ताटी होती. ताटीच्या कडेला अंबाडीच्या दोरीचा एक तुकडा लोंबत होता, हात लागून लागून काळा पडलेला. तिनं तो हातात धरला अन् म्हणाली, "बुवा, रात्री तुमी चुकले. दोरी म्हंजे कुलूप नाई. मी वावरात जातो तवा ताटीले दोरी बांधतो, कुत्रंमांजर शिरू नाई म्हनून. घरी असलो का दोरी सोडून ठेवतो. दोरी सुटलेली दिसली का लोकाईले समजते, बुढी घरी हाय."

मी कप खाली ठेवला. 'दारास नाही दोऱ्या' म्हणजे चोरण्यासारखं काही नाही असं नव्हे. दारास दोरी नाही म्हणजे घरात माणूस आहे. ये, आवाज देऊ नकोस, ताटी लोट आणि आत ये.

त्या दिवसापासून हे कडवं मला निराळं ऐकू येतं. महालाला पहारा आहे, तिजोरी आहे, आणि मालक कुठं आहे ते त्या कडव्यात सांगितलेलंच नाही. झोपडीला पहारा नाही, पण मालक घरी आहे. अशा गाण्यांचा अर्थ लावताना मी सगळ्यांत आधी हेच करतो, बेटा. त्यातली वस्तू हातात धरून बघतो. तत्त्वज्ञान मागून येतं. दोरी कशाची, कोण बांधतं, केव्हा सोडतं, हे न कळता 'अनासक्ती' वगैरे बोलणं म्हणजे पेरण्याआधीच मळणीची भाषा.

ताटी म्हटली की वारकऱ्यांच्या घरात आणखी एक गोष्ट आठवते. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या मुक्ताबाईनं बाहेरून 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' म्हणत त्यांना विनवलं. तिथं संत आत आणि जग बाहेर, मधे ताटी. तुकडोजी महाराजांच्या झोपडीत ताटी उघडायची विनवणी करायची वेळच येत नाही. ही सांगड मी घालतो आहे, महाराजांनी ती घातली असा माझा दावा नाही. पण ज्या माणसाच्या कानावर लहानपणापासून अभंग आणि कीर्तन पडलं, त्याच्या हातून 'दार' हा शब्द रिकामा उमटत नाही.

गाताना एक गोष्ट तुझ्या बाबांच्याही ध्यानात आली असेल, त्यांना विचारून बघ. हे भजन आनंदकंद वृत्ताच्या वजनावर आहे, गागालगा लगागा. 'राजास जी महाली' म्हण, 'या झोपडीत माझ्या' म्हण, ठोक्यावर ठोका बसतो. पण 'पहारे आणि तिजोऱ्या' ही ओळ एका मात्रेनं जास्त भरते आणि जीभ अडते. महाराज मात्रा मोजत बसणारे कवी नव्हते. खंजिरीवर थाप पडली की शब्द येत. त्यामुळे हे त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. तरी नव्या पोरांना मी सांगतो की ती ओळ 'पहरे' म्हणून गुळगुळीत करू नका. पहाऱ्यापाशी अडखळायला झालं तर अडखळा.

पुढचं कडवं तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. 'जाता तया महाला, मज्जाव शब्द आला'. मज्जाव म्हणजे आत यायला मनाई. हा शब्द घरात बोलायचा नाही. तो पाटीवरचा आहे, देवडीवरच्या शिपायाच्या तोंडचा आहे. आणि महाराजांच्या काळात तो देवळाच्या दारावरचाही होता. ते ३० एप्रिल १९०९ ला अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मले. ते अठरा वर्षांचे होते तेव्हा, १९२७ साली, त्यांच्याच जिल्ह्याच्या गावी अंबादेवीचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावं म्हणून चळवळ उभी राहिली होती. पंढरपूरचं दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. त्या काळच्या वऱ्हाडातल्या माणसाला 'मज्जाव' हा शब्द पुस्तकात वाचावा लागत नव्हता. तो त्याला अंगावर झेलावा लागत होता. त्या शब्दासमोर महाराजांनी जी ओळ ठेवली, ती 'भीती न यावयाला' ही आहे. यायला भीती नाही. घर साधं आहे, छोटं आहे, असं तिथं लिहिता आलं असतं. त्यांनी लिहिलं की इथं येणाऱ्याला भ्यावं लागत नाही.

आता एक प्रसंग सांगतो. गाव आणि माणूस सांगत नाही. घरकुलाचे हप्ते अडकलेल्या लोकांचा मेळावा होता, आणि सुरुवातीला भजन ठेवलं होतं. आमचं भजन व्हायच्या आधीच पाहुणे बोलायला उठले. म्हणाले, महाराजांनी सांगूनच ठेवलं आहे, झोपडीत जे सुख आहे ते महालात नाही, तेव्हा थोडा धीर धरा. समोर बायका बसल्या होत्या, ज्यांच्या घरांवर दोन पावसाळे प्लास्टिकची ताडपत्री होती. माझी कानशिलं गरम झाली. भाषण संपलं, आमची पाळी आली. पहिलं कडवं सोडून मी थेट 'जाता तया महाला' उचललं. खंजिरी बंद ठेवली, नुसता आवाज. 'मज्जाव शब्द आला' दोनदा म्हटलं. पुढं बसलेली एक बाई पदर तोंडाला लावून बघत राहिली. मागच्यांनी 'या झोपडीत माझ्या' उचललं तेव्हा अर्धा मेळावा त्यांच्याबरोबर म्हणत होता, आणि त्यात समाधान अजिबात नव्हतं. ते गाणं तक्रारीसारखं वाजलं. शब्द तेच. म्हणून सांगतो, हे भजन महालातल्या माणसानं झोपडीतल्या माणसाला ऐकवायचं नाही. त्याच्या तोंडी ते खोटं पडतं. तू पुण्याला जाऊन बहुतेक त्याच तोंडून ते ऐकलंस, आणि बाबांवर चिडलीस.

तुझ्या बाबांना जी ओळ सगळ्यांत जास्त लागली असेल ती मला वाटतं सहाव्या कडव्यातली आहे. 'येता तरी सुखे या, जाता तरी सुखे जा, कोणावरी न बोजा'. आपल्याकडे बोजा म्हटला की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढं सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना येतो. तलाठ्यानं त्यात ओळ टाकली की जमीन आपली असून आपली राहत नाही. बाबा रोज ती ओळ म्हणत होते ती काय मनात ठेवून म्हणत असतील, याचा विचार कर. भजनातला बोजा पाहुण्याचा आहे. आलास तर आनंद, गेलास तर आनंद, तुझ्यावर माझं ओझं नाही, माझ्यावर तुझं नाही. देणंघेणं नसलेलं येणंजाणं. कर्जात बुडालेल्या माणसाला असं एखादं दार हवं असतं, जिथं येताना-जाताना हिशोब निघत नाही. बाबांनी तसं दार स्वतःच्या घराला बसवून घेतलं होतं. कर्ज आहे हे त्यांना माहीत नाही असं समजू नकोस.

गरिबीचं कौतुक करायचंच असतं, तर हा माणूस पुढची वर्षं गावोगाव हिंडून निराळंच काही का सांगत बसला? १९३५ ला मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९५५ ला ग्रामगीता आली, ४१ अध्याय, ४,६७५ ओव्या. त्यात ग्राम-आरोग्यावर अध्याय आहे, गोवंश सुधारावर आहे, महिलोन्नतीवर आहे. नाल्या, खतखड्डे, उद्योग, व्यायाम. झोपडी आहे तशीच ठेवा, तिच्यातच सुख आहे, असं ज्याला म्हणायचं आहे, तो असं लिहीत नाही. मला यातून कळतं ते असं: महाराजांना झोपडीतून घाण, रोग आणि उपाशीपण बाहेर काढायचं होतं, आणि उघडं दार मात्र आत ठेवायचं होतं. घर पक्कं झालं की ताटी जाते आणि लोखंडी गेट येतं. त्यावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लागते. भजन त्या क्षणासाठीही आहे. तुमचं घरकुल होईल, होवो. तेव्हा हे भजन बाबांनी स्लॅबखाली बसूनही म्हणावं, आणि तेव्हा ते जास्त अवघड जाईल.

काही बुवा झोपडी म्हणजे देह असा अर्थ सांगतात. तोही खोटा नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचं पूर म्हटलं आहे, म्हणजे नगर. महाराजांच्या भजनात त्याच देहाची झोपडी होते, आणि आमच्या वहीतलं शेवटचं कडवं तर उघडच तिकडं नेतं: 'तुकड्या मती स्फुरावी, पायी तुझ्या रमावी, मूर्ती तुझी रहावी, या झोपडीत माझ्या'. इथपर्यंत झोपडीत मी होतो आणि पाहुणे येत-जात होते. आता मागणं आहे की तू राहावंस. त्या म्हाताऱ्या बाईची दोरी इथं पुन्हा आठव. 'घरी हाय' असं कळायला हवं, ते कोण घरी असल्याचं? मी हे कडवं म्हणतो तेव्हा दरवेळी गळा भरून येतो, आणि त्याचा आणखी खुलासा करता येत नाही. मात्र देहाचा अर्थ पुढं करून मातीची झोपडी पुसून टाकणारे बुवा मला पटत नाहीत. 'आम्हा जमीन माने' यातली जमीन आधी पाठीला लागते, मग वेदान्तात जाते.

महाराजांचे शब्द आत आणि बाहेर दोन्हीकडे चालतात, ही त्यांची रीतच आहे. 'मनी नाही भाव' हे भजन घे. 'देव बाजारचा भाजीपाला नाही' असं त्यात म्हटलं आहे. भाव म्हणजे भक्ती, आणि भाव म्हणजे बाजारातला दर. कापसाला भाव नाही म्हणून डोक्याला हात लावून बसलेल्या माणसापुढं ते म्हणून बघ, दोन्ही भाव एकदम कानावर पडतात. नाहीतर १९४२ च्या 'चले जाव' चळवळीतली चिमूरची गोष्ट बघ. 'झाड झडूले शस्त्र बनेंगे, भक्त बनेगी सेना' हे त्यांनी तिथं खंजिरीवर गायलं आणि १६ ऑगस्टला चिमूर पेटलं. त्यांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भक्त हा शब्द तोच, जो प्रार्थनेत येतो. इंग्रज सरकारला त्याचा अर्थ आपल्यापेक्षा लवकर कळला. मग त्याच माणसाच्या झोपडीवरच्या भजनात नुसता संतोष शोधणं बरोबर होईल का, तूच सांग.

राहिली एक गोष्ट, ती वहीत दिसत नाही, गाताना दिसते. प्रत्येक कडव्याच्या तीन ओळी पुढचा एकटा म्हणतो. चौथी, 'या झोपडीत माझ्या', मागचे सगळे उचलतात. पंधरा माणसं एका सुरात 'माझ्या' म्हणतात तेव्हा ती झोपडी कोणाची? नुसतं वाचणाऱ्याला 'माझ्या' हा एकट्याचा शब्द वाटतो. मंडळात बसलेल्याला तो पंधरा जणांचा लागतो. मोझरीला पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं एकाच क्षणी उभी राहून मौन श्रद्धांजली देतात, तिथं मी बऱ्याच वेळा उभा राहिलो आहे. एवढ्या गर्दीत एकटं वाटत नाही आणि एकांतही मोडत नाही. त्या 'माझ्या'चा स्वाद मला तिथं कळला. तुझे बाबा घरी एकटे म्हणतात. म्हणजे चौथी ओळही त्यांनाच म्हणावी लागते. मला वाटतं, तू रागावलीस यापेक्षा मागे म्हणणारं घरात कोणी नाही याचंच त्यांना जास्त लागलं असावं.

माफीबिफी मागू नकोस. बाबांना ते अवघड होईल आणि बोलणं तिथंच संपेल. पुढच्या सुट्टीत गावी गेलीस की संध्याकाळी प्रार्थनेनंतर त्यांच्या बाजूला बस. खंजिरी खुंटीवर असेल तर तूच काढून त्यांच्या हातात दे. सुरुवात तू कर, पण पहिल्या कडव्यापासून नको. 'जाता तया महाला' पासून कर, जरा खालच्या सुरात, कारण 'मज्जाव'ला आवाज चढतो आणि नवख्याचा फाटतो. 'भीती न यावयाला' झालं की थांब. चौथी ओळ त्यांना उचलू दे. मग पुढचं कडवं त्यांना म्हणू दे, 'येता तरी सुखे या' पर्यंत येऊ दे, आणि त्या वेळी चौथी ओळ तू म्हण.